हिरव्या रंगाखालची पुट्टी

मी, विनोदिनी बाबाजी आरोलकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा स्वतःचा दाखला म्हणाल, तर गेल्याच आठवड्यात गाडीच्या उजव्या मडगार्डाचा कागदी नमुना मी एका दमात, न चुकता कापला.

माझ्या वकील सायली परब यांचं म्हणणं पडलं की मृत्युपत्रात कहाणी लिहायची नसते. मी त्यांना म्हटलं, वाटणी अशी का केली हे मुलांना कळलं नाही तर ती अंदाज बांधत बसतील. आमच्या घरात एका अंदाजाने दोन भावांची चोवीस वर्षं खाल्ली आहेत. म्हणून लिहिते.

१. आमच्याकडच्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांचा आहेच. त्याला मी हात लावत नाही. उरलेल्या भागातूनही राहतं घर आणि काजूची बाग मुलगा साईश व मुलगी गौरवी यांनी सारखी घ्यावी. बागेतली खोप मात्र कलम ५ मधलं काम पुरं होईपर्यंत मोडू नये.

२. सहकारी बँकेतली ठेव गौरवीला. तिच्या लग्नात आम्ही हात आखडता घेतला होता. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे.

३. शिवणयंत्र नात सिद्धी हिला. तिला साधी तुरपाई येत नाही. पण मागच्या सुट्टीत तिने यंत्राचं झाकण काढून, सुई खाली गेल्यावर खालचा दोरा वर येतो कसा, हे दुपारभर बघितलं. मला तेवढं पुरे आहे.

४. शेजारी तुषार याने बांबूची शिडी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, ती आता त्याच्या परसात वेल चढवायला वापरली जाते. ती शिडी मी त्याला देत आहे. यापुढे त्याने माझ्या घरच्यांना बघून रस्ता बदलायची गरज नाही.

५. गाडी.

इंग्लंडात बनलेली, कापडी छपराची, दोनच माणसं बसतील अशी ही गाडी १९५८ सालची आहे. इतकी ठेंगणी की घरात तिला ‘बुटकी’च म्हणत. माझे यजमान बाबाजी पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. असली गाडी परवडण्यातले ते नव्हेत. पण १९८९ साली डिचोलीचं एक भाटकार, म्हणजे जमीनदार, कुटुंब परदेशी जायला निघालं, आणि त्यांची ही गाडी माडाखाली बंद पडून होती. बातमी आणली सुदेशने, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने. तो डिचोलीला खाणीच्या वर्कशॉपात डेंटर होता, ठोकलेल्या ट्रकांचे पत्रे सरळ करायचा. दोघा भावांनी मिळून इंजिन चालू केलं आणि बुटकी कोरगावात आली. तेव्हा ती लाल होती.

तीन वर्षं मजेत गेली. रविवारी यजमान मला मोरजीपर्यंत फिरवून आणत. १९९२ च्या गणेश चवथीआधी ब्रेक नीट लागेनात म्हणून सुदेश येऊन गाडी सावकाश डिचोलीला घेऊन गेला. आठ दिवसांनी, ऐन चवथीला, तो ती परत घेऊन आला. शेजारी त्याची नवी नवरी सरस्वती. ब्रेक छान लागत होते. पण डावं दार बंद होईना, आणि डाव्या मडगार्डावर, चाकाच्या अगदी वर, रंगाला भेग पडून आतली पुट्टी दिसत होती.

पानं मांडली होती. घरात सगळे नातेवाईक जमलेले. यजमान ओसरीवरून उतरले आणि त्यांनी विचारलं,

“खंय आपटलंस?”

“खंयच नाय, दादा.”

“मगे पुट्टी खंयसून इली? तू डेंटर. आपटलंस, ठोकून भरलंस, वयर रंग मारलंस. माका खुळो समजतंस?”

“दादा, गणपतीसमोर सांगतंय. खंयच आपटूक नाय.”

“गणपतीक मधी घालू नको.”

सुदेश आणि सरस्वती न जेवता बसने परत गेली. त्यानंतर आमच्या चवथीला ती दोघं आली नाहीत. यजमानांनी गाडी बागेतल्या खोपीत ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी चालवली नाही.

२०१६ साली यजमान दवाखान्यात होते तेव्हा सुदेश भेटायला आला. दोघं भाऊ आंब्यांविषयी बोलले. तो गेल्यावर यजमान छताकडे बघत मला म्हणाले, की त्याने एकदा खरं सांगितलं असतं तर आपण त्याच दिवशी विसरून गेलो असतो. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. त्याच महिन्यात ते गेले.

२०२१ च्या डिसेंबरात साईशने भंगारवाला पाठवला. त्याच्या माणसांनी गाडी पुढून आणि मागून साखळीने उचलली, आणि मधे काहीतरी कुरकुरलं.

“बाय, गाडी मधेच मोडली,” भंगारवाला म्हणाला.

मी डाव्या दाराकडे बघत होते. दाराची वरची फट मिटली होती आणि दार चौकटीत तिरकं अडकलं होतं. चवथीच्या दिवशी ते अगदी असंच होतं. मी चाळीस वर्षं कपडे शिवले आहेत. कोटाचं अस्तर आतून विरलं की वरचं कापड धड असूनही खांदा उतरतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, शिंप्याने कापताना चूक केली. माझ्या मनात आलं, या दाराचंही तसंच तर नसेल?

“ठेव ती खाली,” मी म्हटलं.

“आता हिचं काय करणार?”

“आत काय आहे ते बघणार.”

तो हसत गेला. मी यजमानांचा स्क्रूड्रायव्हर आणला. दाराखाली लांबट, पोकळ पत्र्याची पेटी असते. उघड्या गाडीची सारी ताकद तिच्यात असते, हे मला पुढे सुदेशने सांगितलं. बाहेरून तिचा लाल रंग बरा होता. टोक लावलं आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आतून तांबडे पापुद्रे गळायला लागले ते थांबेनात. खाली धरलेलं सूप भरलं. ताडपत्रीखाली गंज आणखी चढला असेल, पण दार चवथीलाच असं अडकत होतं, म्हणजे पेटी तेव्हाच आतून खाल्लेली होती. दार कुणी आपटल्यामुळे बसलेलं नव्हतं, गाडीच मधून खचली होती. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या त्या वेळच्या डिचोलीच्या रस्त्याने तिला शेवटचा धक्का दिला असणार.

पण पुट्टीचं काय? पुट्टी तर यजमानांनी डोळ्यांनी पाहिली होती, मीही पाहिली होती. मी पॉलिश पेपर आणला, पाणी घेतलं, आणि डाव्या मडगार्डावर भेगेच्या बाजूला गोल गोल घासत बसले. लाल रंग गेला. खाली हिरवा लागला. मला वाटलं होतं आता पत्रा दिसेल, तर हिरव्याखाली राखाडी पुट्टी, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढी जाड, आणि तिच्या तळाशी पत्रा. जत्रेतल्या बांगड्यांसारखी एकात एक कडी दिसत होती. एक जागा फसवू शकते, म्हणून आणखी दोन ठिकाणी घासलं. तेच. उजव्या मडगार्डावर घासलं, तिथे लाल, हिरवा आणि थेट पत्रा.

मी खोपीतच पाटावर बसले. पुट्टी हिरव्या रंगाच्या खाली होती, आणि गाडी आमच्याकडे आली तीच लाल. म्हणजे ती कुणी कुठे आपटली असेल ती हिरवी व्हायच्या आधी, आम्ही कुणी तिला पाहायच्या कितीतरी आधी. गाडी मधून खचली तेव्हा त्या जुन्या पुट्टीवरच्या रंगाला नुसती भेग पडली.

दुसऱ्या दिवशी पुट्टीचा एक तुकडा, तिन्ही थरांसकट, रुमालात बांधून मी डिचोलीला गेले. सुदेश निवृत्त झाला होता, अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता. मी तुकडा त्याच्या हातात दिला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने कडेने पाहिला, नखाने खरवडला, पुन्हा पाहिला. सरस्वती चहा आणते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मला वाटलं होतं तो रडेल, किंवा मला ओरडेल. तो म्हणाला,

“वयनी, हिरव्याक आणि पुट्टीक मधी प्रायमर नाय. घाई केल्यानी कोणीतरी.”

“कोणी?”

“ताच तर बघूक होया. माका गाडी दाखय.”

जाता जाता आम्ही त्या भाटकारांचा जुना ड्रायव्हर बाबली याच्याकडे थांबलो. नव्वदीचा माणूस, पण कान शाबूत. गाडी हिरवी होती का, असं विचारल्यावर त्याचा चेहरा उजळला. “कैरीसारखी हिरवी!” आणि आपटली कुणी? तो बोळक्या तोंडाने हसला. “ता भाटकारांच्या घरातला. मी नाय सांगूचंय.” पुढे तीन वेळा गूळ-खोबरं घेऊन गेले, तरी त्याने सांगितलं नाही. हे कोडं मी न सोडवताच जाणार असं दिसतं. कुणाला उत्तर लागलं तर त्याने ते सुदेशला कळवावं.

तेव्हापासून दर रविवारी सुदेश कोरगावला येतो. खोपीत वीज घेतली, पेडण्याच्या अजय पाटलांकडून पत्रा आणला. कापण्याआधी सुदेशने दारं बंद करून आतून लोखंडी दांडे जोडले, नाहीतर पेटी काढल्याबरोबर गाडी दुमडली असती. नमुने मी केले. आधी कागदावर, मग पुठ्ठ्यावर, मग पत्र्यावर. कडेला माया, म्हणजे जास्तीचा काठ, सोडायची, ती आत वळवायची, वर दुसरा पत्रा बसवायचा. माझ्या धंद्यात आणि त्याच्या धंद्यात फरक फक्त कात्रीचा निघाला. सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टाका इथे, एक तिथे. मी म्हटलं, हा तर आमचा कच्चा टाका. पासष्टाव्या वर्षी मी वेल्डिंग शिकले. माझे पहिले टाके कावळ्याच्या शिटेसारखे दिसत. ते सुदेशने घासून काढले आणि पत्रा पुन्हा माझ्यापुढे ठेवला. सरस्वती आता स्वतःचा डबा घेऊन येते. तिला गाडीत रस नाही, पण खोपीच्या दारात बसून आमच्या चुका मोजायला तिला आवडतं.

डावी बाजू पुरी झाली आहे. दार एका बोटाने बंद होतं. आम्ही दोघांनी ते पहिल्यांदा बंद केलं तेव्हा सुदेशने ते पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि परसात जाऊन तोंड धुऊन आला.

उजव्या मडगार्डाचा नमुना तयार आहे, पण ती बाजू अजून उघडायची आहे. तिथे काय निघेल ते ठाऊक नाही. डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूला हिरव्याखाली साईसारखा फिकट रंग सापडला आहे, म्हणजे हिरवाही पहिला नव्हे. शेवटी कुठला रंग द्यायचा यावर आमचं एकमत नाही.

६. ही गाडी, सर्व सुटे भाग, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, हातोड्या आणि माझे पुठ्ठ्याचे नमुने मी माझे दीर सुदेश आरोलकर यांना देत आहे. गाडीचे कागद त्यांच्या नावावर करून द्यावेत. हे काम गौरवीने जातीने करावं. साईशला हे पटणार नाही. तो मोपाला विमानतळावर नोकरीला आहे, आणि तिथल्या ओळखीतून मोरजीच्या एका हॉटेलवाल्याने गाडी मागितली होती. त्याला ती दारात ठेवून आत फुलझाडं लावायची होती. साईश म्हणाला, “आई, ह्या पत्र्यात तुका काय गावता?” त्याचं उत्तर वर दिलं आहे. साईश, रागावू नकोस. एखाद्या रविवारी खोपीत ये. काका तुला ग्राइंडर धरायला शिकवेल.

७. जाहीर निवेदन. मी पूर्ण शुद्धीत जाहीर करते की सुदेश आरोलकर यांच्या हातून या गाडीला कधीही, कुठेही अपघात झाला नाही. डावं दार गंजामुळे खचलं होतं. डाव्या मडगार्डावरची पुट्टी गाडी आमच्या घरात येण्यापूर्वीची होती. १९९२ च्या चवथीला सुदेश जे बोलले ते शब्दशः खरं होतं. (येथे दोन ओळी खोडल्या आहेत, खाली पाहावे.)

८. माझ्या क्रियेला फार खर्च करू नये.

खाडाखोडीबाबत: कलम ७ मध्ये मी माझ्या यजमानांविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी भावावर अन्याय केला आणि तो शेवटपर्यंत सुधारला नाही, अशा अर्थाच्या. काल मी हे कलम सुदेशला खोपीत वाचून दाखवलं. त्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

“ते दोन वळी काड, वयनी.”

“का? खोटं आहे त्यात काही?”

“खोटा नाय. पण दादान पुट्टी बघल्यान, आणि पुट्टी होतीच. तेच्या खाली बघूचा कोणाक सुचला? माका पण नाय सुचला. मी तर डेंटर.”

त्या दोन ओळी मी स्वतःच्या हाताने खोडल्या. खाडाखोड माझी आहे, मला मान्य आहे, आणि तिच्या शेजारी मी सही केली आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही करत आहे. सुदेश यांना यातून लाभ होत असल्यामुळे ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. ते बाहेर अंगणात थांबले आहेत.

सही: विनोदिनी बाबाजी आरोलकर

साक्षीदार:
१) सुविधा महादेव कांबळी, शिक्षिका, राहणार कोरगाव
२) अजय दादू पाटील, फॅब्रिकेशन व्यवसाय, राहणार पेडणे, मूळ बेळगाव जिल्हा

ठिकाण: कोरगाव, पेडणे
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५