निळं दूध

आप्पा, माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. शिरूरला काढला. टाका नाही, दुसऱ्या दिवशी पट्टीसुद्धा सोडली, तरी माझ्या जिवाला घोर आहेच. शिंक आली तर आत बसवलेलं भिंग निसटेल का, चपला घालायला वाकलो तर डोळ्यावर जोर येईल का, थेंब एकाच्या जागी दोन पडले तर काय होईल. रात्री झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून मी उजवा हात उशीखाली दाबून निजतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाईमानूस हाईस का रं?" तुम्ही तेच म्हणायचा, लहानपणी मेंढरामागं अनवाणी चाललो आणि रडलो तेव्हाही, आणि पन्नाशीला आल्यावरही.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. परवा सकाळी तुमच्या सुनेनं पेल्यात दूध दिलं आणि ते निळं दिसलं. धोतराला नीळ जास्त झाली की दिसतं तसं, पातळ, थंड. मी उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याला तेच दूध पिवळट, जुन्या तुपासारखं. डावा झाकला, पुन्हा निळं. ओसरीवर बसून मी लहान पोरासारखा डोळे झाकत-उघडत होतो, आणि झाकता झाकता मधेच थांबलो. कारण मला तुम्ही आठवलात.

दौंडच्या शिबिराला मीच तुम्हाला नेलं होतं. टेंपोत सगळी म्हातारी, वरवंडवरून जाताना कुणीतरी भेळ घेतली होती आणि तुम्ही घास चाचपडत खात होतात. तेव्हा तिथं डोळ्यात नवं भिंग बसवत नव्हते, नुसतं जुनं काढून टाकत. वरून बाटलीच्या बुडासारखा चष्मा. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याच्या काचेवर कागद चिकटवून दिला होता, दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर एकाचं दोन दिसेल म्हणून. घरी आलात, गोठ्यात गेलात आणि ओरडलात, "आयला, म्हस हत्तीयेवढी झाली रं!" आम्ही सगळे हसलो. तुमची सून पदर तोंडाला लावून हसली. या घरात ती तशी हसलेली मग पुष्कळ दिवस मी बघितली नाही.

दुसऱ्या सकाळी ती धार काढून किटली घेऊन येते. तुम्ही झाकण उघडता. मेंढरं विकून म्हशी घेतल्या तेव्हापासून वडगाव रासाईत दुधाची पारख म्हणजे तुमची, डेअरीवाला लॅक्टोमीटर बुडवायच्या आधी तुम्ही नुसतं बघून सांगायचा, निळसर झाक दिसली की पाणी. तुम्ही किटलीत बघता, मग तिच्याकडं बघता.

"पानी किती वतलंस?"

"मामंजी, आत्ताच धार काढलीया. हात लावून बगा, ऊन हाय अजून."

"ऊन पानी मलाबी करता येतं."

किटली तुम्ही स्वतः डेअरीवर नेलीत, काठी टेकत, मी मागं. डेअरीवाल्यानं लॅक्टोमीटर सोडला आणि म्हणाला, "आप्पा, डिग्री बराबर हाय. उगं का घरच्या लक्षुमीला बोलता?" तुम्ही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालात, "तुजा काटा आन् माजी सून, दोगं येका इचाराची दिसत्यात." रांग हसली. त्या दिवसापासून ती पाण्याला निघाली की पारावरचं कुणीतरी विचारायचं, "वैनी, हिरीला पानी हाय का, का समदं किटलीत गेलं?" घरात आली की ती हंडा उतरवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. आमच्या लग्नाला वीस वर्षं उलटून गेली होती. पोरं लग्नाला आली होती.

मग तुम्ही भावकीतली माणसं गोळा केलीत. सगळ्यांसमोर तिला म्हशीखाली बसवलंत, लुगडं वर खोचून, आणि तिचं कोपर धरून उभे राहिलात, चोरी हातोहात पकडायची म्हणून. सडातली धार थेट तांब्यात पडली. फेस बसायच्या आत तुम्ही वाकून बघितलंत. मला वाटलं, संपलं आता. तुम्ही म्हणालात, "बगा, कासंतच पानी हाय. हिचा हातच पानचट. जनावर तरी काय करंल?" चारचौघं एकमेकांकडं बघत राहिले. ती उठली नाही, तिथंच शेणात बसून राहिली. तुमच्या चष्म्यावर दुधाचा शिंतोडा उडाला होता. मी पुढं झालो आणि तुमचा चष्मा पुसून दिला. त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

तिला गोठा बंद झाला. पण ती म्हैस तिनं पारडी असल्यापासून वाढवलेली, दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडेना. लाथा मारायची, रात्रंदिवस रेकायची. तुम्ही म्हणालात, "लबाडाच्या हाताची चटक लागलीया. इकून टाका." चाकणच्या बाजाराला दावं धरून मीच नेली. रीतीप्रमाणं दावं परत आणलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं. नायलॉनचं होतं, त्याचा वास घरभर झाला. तुम्ही आतून विचारलंत, "काय जळतंय?" ती तुमच्याशी त्यानंतर बोललीच नाही. तुम्ही मेलात तेव्हाही नाही.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो. थंडी पडायच्या सुमाराला तुम्ही एकाएकी निवळलात. घोट घेऊन मिशा पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आता कसं दूद झालं! धाक पायजे बायकांस्नी. सून वळनावर आली." आप्पा, त्या दिवसांत ती खरोखरच पाणी घालत होती. निम्मं दूध, निम्मं विहिरीचं पाणी, वरून साखर. तमाखूनं तुमच्या जिभेची चव कधीच गेली होती. तुमच्या दहाव्याच्या दिवशी, माणसं गेल्यावर, तिनं मला सांगितलं. "मोरीपाशी हुबं ऱ्हाऊन पानी वतायची मी, त्यांच्या म्होरं. आन् मामंजी म्हनायचे, आता शुद्द हाय!" हसता हसता तिला ठसका लागला. मीही हसलो. बापाचं दहावं होतं आणि आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात पोट धरून हसत होतो. मधली सगळी वर्षं आमचा संसार त्या हसण्यावर चालला. मीठ कमी पडलं की ती म्हणते, "तुमच्या बापाला इचारा, बराबर हाय का." म्हातारा खोटारडा होता, त्याला तिचं चांगलं बघवत नव्हतं, हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे.

काल शिरूरला तपासणी होती. डॉक्टरीण तरुण आहे, नातीएवढी. मी विचारलं, "बाई, पांढरं निळं दिसतंय. काय बिघडलं का?"

ती म्हणाली, "बिघडलं नाही काका, आत्ता कुठे नीट दिसतंय. तुमचं जुनं भिंग वयाने पिवळं पडलं होतं. निळा उजेड ते आत सोडतच नव्हतं. डोळा काय, उजेड आत घेतो आणि मागच्या पडद्यावर चित्र पाडतो, तेसुद्धा उलटं. सरळ कुठलं आणि पांढरं कुठलं, हे डोकं ठरवतं. इतकी वर्षं तुमचं डोकं पिवळ्यालाच पांढरं म्हणत होतं. थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल."

"आन् आत भिंग बसवलंच नसंल तर? आधीच्या काळी?"

"मग जास्तच निळं. अडवायला आत काहीच नाही ना." तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

एसटीत बसून मी तेच तेच घोळवत आलो. तुमच्या चष्म्याचा कागद काढून दुसऱ्या, मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यानं किटलीत बघायला कुणी सांगितलं असतं, तर आत दोन रंगांचं दूध आहे हे त्या अंधूक उजेडातही तुम्हाला उमगलं असतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला दिसत होतं तेच सांगत होता. पुढं डोक्याला सवय झाली तसं निळंही पांढरं झालं, आणि मग तुम्ही पाण्यालाच शाबासकी दिलीत.

आज सकाळी मी पुन्हा पेल्यावर डोळा झाकला आणि तिनं बघितलं. ती चुलीपासून उठून आली.

"काय बगताय?"

"काय न्हाई. माशी पडल्यावानी वाटलं."

तिनं पेला माझ्या हातातून घेतला, आत बघितलं, दूध मोरीत ओतलं. दुसरं आणलं आणि समोर उभी राहिली. "आता बगा. नीट बगा." तिचा आवाज किटलीच्या त्या सकाळचा होता. मी दोन्ही डोळे मिटून पेला रिकामा केला.

तिला सांगायला हवं, हे मला कळतं. आप्पांना निळंच दिसत होतं, एवढं एक वाक्य. पण ते ऐकलं की ती गप्प बसायची नाही. विचारेल, त्यांना निळं दिसत होतं, मग तुमाला काय दिसत होतं? माझे डोळे तेव्हा चांगले होते, आप्पा. किटलीत मीही बघितलं होतं, तांब्यातही. दूध पांढरंशुभ्र होतं.

म्हणून हे तुमच्यापुरतंच लिहितो. कागद घरात ठेवायचीही सोय नाही, नात सापडेल ते मोठ्यानं वाचत सुटते. तुम्ही खोटारडेच राहा. तुम्हाला आता त्याचं काही नाही, आणि मला अजून तिच्या हातचं खायचं आहे.