भुसावळला दहा मिनिटं

॥ श्री ॥
बडा गणपती, इंदूर
रविवार, १७ एप्रिल १९९४

ती. सौ. शशीताईस,

धाकट्या श्रीकृष्णाचा साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांग.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू मनातल्या मनात जे म्हणाली असशील ते मला इथं बसून ऐकू येतंय, तेव्हा त्यासाठी वेगळं कार्ड खर्ची घालू नकोस. इकडे ऊन चांगलंच तापलंय. मंजिरीनं गच्चीभर पापड पसरलेत, पाय ठेवायला जागा नाही. पुष्करची परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं की "अच्छे गए बाबा" म्हणतो आणि सायकल काढतो. आपला मुलगा मराठीत नापास होणार नाही एवढं तरी बघावं, तर तेही हातात नाही.

अनुश्रीचं लग्न मे महिन्यात ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. मामानं हाताला धरून बोहल्यावर न्यायचं असतं हे तिला तीन वर्षांची असताना कळलं, आणि त्या दिवसापासून ती माझी चप्पल लपवून ठेवायची, मामा परत इंदूरला जाऊ नये म्हणून.

आता फेब्रुवारीचं. तू विचारलंस, कार्डात एस-पाच बोगी लिहिलीस आणि त्या बोगीत तू नव्हतास, असं कसं झालं. सांगतो. खंडव्याला आमची छोटी गाडी उशिरा पोचली. पुढच्या मोठ्या गाडीला तोबा गर्दी. माझ्या बर्थवर सहा जण बसलेले. भुसावळ आलं तेव्हा दारापर्यंत पोचता येईना. तू खाली उभी दिसलीस, हाकही मारली, पण त्या गलक्यात तुला ऐकू गेली नसावी. मिलच्या कामानं मुंबई गाठायची होती म्हणून उतरून राहता आलं नाही. परत येताना सुरतेला काम निघालं, त्यामुळे रतलामवरून आलो. राग मानू नकोस. व्याह्यांच्या पुतण्याच्या नोकरीचं मी मिलमध्ये बोलून बघतो, सध्या भरती जरा थंड आहे एवढंच.

संध्याकाळ

इथवर लिहून कागद मंजिरीपुढे ठेवला, नेहमीसारख्या खाली तिच्या दोन ओळी असाव्यात म्हणून. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

"ह्याच्या खाली मी नाही बा लिहिणार," म्हणाली. "पाठवायचं तर पाठवा. मग त्या पोराला इथं बोलावून कुठल्या मिलमध्ये चिकटवणार आहात? उद्या तो पेटी घेऊन स्टेशनावर उतरला तर? फालतूचं नाटक किती दिवस चालवायचं, बोला ना."

ती पापड उचलायला वर निघून गेली. अठ्ठावीस वर्षांत तिनं माझ्या पत्राखाली लिहायला नकार दिला असं पहिल्यांदाच झालं.

तर ताई, वर लिहिलंय त्यातली गर्दी तेवढी खरी. बाकीचं खोडत नाही. तुझा भाऊ किती सफाईनं खोटं लिहितो तेही तुला कळू दे.

आमची मिल बंद होऊन दोन वर्षं होऊन गेली. बाकीच्या बंद पडल्या, आमची चालू आहे, असं मी तुला दर पत्रात लिहीत आलो. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी फाटकाला कुलूप आणि त्यावर कागद. पहिले सहा महिने आम्ही तीसेक जण रोज वेळेवर जायचो, फाटकासमोर लिंबाखाली बसायचो, जेवणाच्या सुट्टीला डबे उघडायचो आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचो. त्यात मी विणाई खात्याचा मास्तर, म्हणून मला सावलीतली जागा ठेवलेली असायची. नंतर पोलोग्राउंडला एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके चिकटवले. माझ्या हाताखालचा पांडुरंग भिवंडीला पॉवरलूमवर गेला होता, त्यानं बोलावलं. आता तो तिथं मुकादम आहे आणि मी त्याच्या हाताखाली सहा लूम बघतो, बारा तासांची पाळी. तो मला अजून मास्तरजी म्हणतो. नाव घेऊन ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत मी तिथंच निघालो होतो. तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं. पण आपल्या घरातलं कुणी भुसावळवरून जाणार आणि तुला कार्ड नाही, असं आईच्या वेळेपासून कधी झालेलं नाही. सवयीनं कार्ड लिहायला घेतलं. बोगीचा नंबर लिहायची वेळ आली तेव्हा "जनरल" हा शब्द काही हातून उतरेना, म्हणून एस-पाच लिहिलं. बेत असा, की भुसावळला गाडी थांबली की मागच्या जनरलमधून उडी मारायची, पळत जायचं आणि एस-पाचच्या दाराशी आत्ताच उतरलो असा चेहरा करून उभं राहायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा हा बेत. हसू आलं तर हसून घे.

छोट्या गाडीत बरं वाटलं होतं. पाताळपाणीला ब्रेक तपासायला गाडी थांबली, तेव्हा सगळे उतरून धबधबा बघायला गेले. पाण्याची एक धार होती जेमतेम, तरी तास तास बघावी अशी. मागच्या सीटवरच्या बाईनं सांगितलं, ती दर महिन्याला माहेरी जाते आणि दर वेळी उतरून बघते, "कभी तो पूरा दिखेगा". कालाकुंडला तुझ्यासाठी पळसाच्या पानातला कलाकंद घेतला. खंडव्यापर्यंत तो मांडीवर ठेवून होतो.

भुसावळला मी उतरलो होतो, ताई. कसाबसा, एका माणसाच्या वळकटीवरून, पण उतरलो. पळालोही. पार्सलच्या हातगाडीपर्यंत पोचलो आणि तू दिसलीस. हातात डबा, शेजारी भाऊजी, आणि त्यांच्याबरोबर कोट घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या मंडळी. तू त्यांना काहीतरी हसून सांगत होतीस. व्याही आहेत हे सांगायला कुणी नको होतं. बहिणीनं भावाला मिरवायला आणलं होतं. आणि भावाच्या सदऱ्यावर खंडव्याच्या फलाटाची धूळ, पायात पुष्करची जुनी चप्पल, हातात पळसाचं पान. दहा पावलं राहिली होती. मी वळलो आणि परत जनरलमध्ये चढलो.

तू एस-पाचच्या सगळ्या खिडक्या एकेक करून बघितल्यास. मग एस-चार, एस-सहा. मी दारातल्या माणसांच्या मधून बघत होतो. गाडी हलली. आमची बोगी तुझ्या समोरूनच जाणार होती, म्हणून मी खाली बसलो आणि शेजाऱ्याची चादर तोंडावर ओढली. तुझा आवाज ऐकला. "घ्या बाबा, माझा भाऊ आला नाही, कुणीतरी खा." आणि खिडकीतून डबा आत आला.

तू लिहिलंस ना, मागच्या बोगीतल्या कुणा म्हाताऱ्याच्या हातात डबा दिला, परत न्यायला जीव झाला नाही म्हणून. तो यूपीतल्या बांद्याचा होता, मुलाकडे निघालेला. माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यानं डबा उघडला आणि भरताचा वास सगळीकडे पसरला. तो एकटा नाही खाल्ला त्यानं. कळण्याच्या पुऱ्या मोडून आजूबाजूच्या सगळ्यांना वाटल्या. एक तुकडा माझ्याही पुढे धरला. "लो भैया, खाओ. किसी का भाई नहीं आया, उसके हिस्से का है."

मी खाल्ला, ताई. भूक होती. तुझ्या हातचं होतं. आणि घास गिळता गिळता मला असं रडू आलं की म्हातारा घाबरला. मी त्याला सांगून टाकलं, तो भाऊ मीच. त्यानं काही उपदेश केला नाही. नुसतं विचारलं, "बहन बड़ी है कि छोटी?" मोठी म्हटल्यावर म्हणाला, "तो फिर क्या डरना. बड़ी तो मारके भी रोटी देती है." कलाकंद त्याला दिला. रिकामा डबा त्यानं धोतरानं पुसून माझ्या हातात ठेवला. तो माझ्यापाशी आहे, हरवला समजू नकोस.

सुरतेला काहीच काम नव्हतं. भुसावळचा फलाट चुकवायला तेवढा वळसा घातला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती दोन वर्षं झाकून धरली आणि आत काहीच नव्हतं, फक्त हात दुखायला लागला. तुझ्यापासून लपवताना मला लाज तुझी नव्हती वाटत. तू जगाला माझ्याबद्दल जे सांगतेस, त्याच्यापेक्षा मी कमी पडलो याची लाज होती. पण तुला त्या खिडक्यांमधून डोकावत हिंडवलं, त्याची लाज त्याहून मोठी आहे आणि ती जात नाही.

आता एकच मागतो. व्याह्यांना तू खरं सांग. त्यांच्या पुतण्याला इंदूरची आशा लावू नकोस, इथं आता मिलचं काही उरलं नाही. हे कळल्यावर, मामा म्हणून दुसऱ्या कुणाला उभं करा असं ते म्हणाले, तर तसं कर. अनुश्रीच्या लग्नात माझ्यापायी कुणाची मान खाली जाऊ नये. मी मांडवात मागे बसेन आणि अक्षता टाकेन. पण हो म्हणाले तर, ताई, तिचा हात धरायला मला फार आवडेल.

येत्या रविवारी, २४ तारखेला, परत भिवंडीला निघतोय. तीच गाडी, दुपारी चारच्या सुमारास भुसावळ. जनरल, गार्डाच्या आधीची बोगी. डबा करू नकोस. यायला जमलं तर ये, नाही आलीस तरी मी समजेन. बोगीत बसून राहणार नाही, खाली उतरून फलाटावर, सगळ्यांना दिसेन असा, गाडी हलेपर्यंत तुझी वाट बघत उभा राहीन.

तुझा भाऊ,
श्रीकृष्ण
लूम कामगार, भिवंडी