दगडी भुंग्याच्या फेऱ्या

मंगळवार, ७ एप्रिल

जीपखाली आडवा होतो, तेलाची गळती शोधत. वर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक शेजारीण, दुसरी हाज्जा तफीदा – माझ्या लेकीची, विदादची सासू. मी खाली आहे हे दोघींच्या गावी नाही.

"माझी खजुरीची झाडं बरी हिच्यापेक्षा, दर साल घड देतात! रमजान आला नि गेला, हिची कूस रिकामीच."

"मग गं आता?"

"फराओंच्या देवळातल्या दगडी भुंग्याला फेऱ्या घालायला नेते शुक्रवारी. शेवटचा उपाय. नाही लागू पडला तर बकरी ईदनंतर माझ्या झकीला दुसरी आणते. मुलगी बघून ठेवलीय."

खजुराच्या मादी झाडाला नराचा तुरा बांधावा लागतो, हाज्जा! तो तपासलाय का कुणी? – ओठांवर आलं होतं. गिळलं. झकीच्या अतिथिगृहातले पाहुणे माझ्याच जीपमध्ये बसतात. गाढवावर पाहुणे फिरवून सुरुवात केलेल्या माणसाला गिळणं जमतं.

वाळूतून सरकत बाहेर आलो. "सलाम, हाज्जा!" तिचा चेहरा बघण्यासारखा. पण बाई पक्की. म्हणते, "बरं झालं भेटलात, उस्ता मरझूक. शुक्रवारी जीप लागेल."

हो म्हणालो. काय करणार! गोऱ्या पाहुण्यांना हीच भुंग्याची गोष्ट रोज सांगतो, हसवतो. आज हसू येईना.

बुधवार

विदाद आली. चहात साखर टाकायला विसरली. ही पोर! आई गेल्यापासून या घराचा चहा हिच्याच हातचा, कधी चूक नाही.

"जायचंय ना तुला शुक्रवारी?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा." मग ग्लास फिरवत म्हणाली, "बाबा, मी परत आले तर..."

"आलीस तर जेवून जा! बाप काय पळून चाललाय?"

हसली. म्हणजे तोंडानं हसली. मला वाटलं, विनोद बरा जमला.

गुरुवार

दक्षिणेचा वारा. आभाळ पिवळं. खमासीन येतंय, वाळूचं वादळ. सुबही, देवळाचा राखणदार, जुना दोस्त, फोनवर ओरडत होता, "उस्ता, उद्या नको! इथं स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही!" हाज्जाला कळवलं. ती म्हणते, "तो भुंगा वाऱ्याला भितो का?"

शुक्रवार

केसांतली वाळू अजून वहीवर सांडतेय. अक्षर बघ कसं आलंय.

गाव जुम्म्याच्या नमाजाला गेलं तसे निघालो. वाटेत हाज्जा विदादला पढवत होती – "फेऱ्या सात. संपल्या की तोंड शिवायचं. स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत शब्द नाही. हूं नाही की चूं नाही. बोललीस तर सगळं वाया, आणि मग मला दोष देऊ नकोस."

फेऱ्या चालू असताना पुरुषांनी आत जायचं नाही. मी नि सुबही देवळाच्या कमानीशी थांबलो. अन् ते आलं! एकदम. सूर्य विझल्यासारखा. वाळू अशी की डोळा उघडवेना.

हाज्जा भिंत चाचपत बाहेर आली. एकटीच.

"विदाद कुठाय?"

"माझ्या पुढंच होती! माझ्या आधी निघाली!"

देवळाच्या तीन बाजूंना उघडं वाळवंट. वीस पावलं चुकलं की माणूस गेलं. मी ओरडलो. सुबही ओरडला. घसा फाटेपर्यंत. उत्तर नाही. या सातिर, या सातिर, अल्ला सांभाळ, एवढंच मनात. पडली? डोकं आपटलं?

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ती ऐकतेय! ऐकतेय, आणि तोंड शिवून उभी आहे!

"हाज्जा, हाक मारा! सांगा तिला, बोल म्हणून! तुमचं ऐकेल ती!"

आणि ही बाई म्हणते, "आता बोलली तर फेऱ्या..."

"पोर मरेल!"

तेव्हा कुठे हाक मारली. मांजरीएवढी. वाऱ्यानं ती तिथंच खाल्ली.

सुबहीनं डोक्याचं पागोटं सोडलं, एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, एक स्वतः धरलं. मी वाळूत उतरलो. "विदाद! नको बोलूस पोरी! बोलू नकोस! दगड वाजव! दगडावर दगड!"

बॉनेट न उघडता इंजिनाचं दुखणं सांगणारे हे कान. आयुष्यभर त्यांच्यावरच खाल्लं. आज ते तुटतील एवढे ताणले. वारा. वारा. वारा. मग – टक. टक टक. डावीकडून!

पडलेल्या खांबाच्या आडोशाला बसली होती, ओढणी तोंडावर, हातात दगड. मला मिठी मारली. तेव्हाही शब्द नाही.

सरळ तिच्या सासरी सोडली. उंबरठा ओलांडला तशी हाज्जानं जीभ लोळवून आनंदाची किलकारी दिली. "बोल आता, बोल!"

विदाद नुसती बघत राहिली.

शनिवार

अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणाला, घसा साफ आहे, भीती बसलीय. हाज्जा म्हणते, जिन्न बसलाय. झकी स्वतःच्या चपला बघत उभा. नवरा ना तू? हात धर की तिचा!

रविवार

हाज्जाचा फोन. "उस्ता, मुकी सून घेऊन मी काय करू? घेऊन जा तुमची पोरगी. वांझ ती वांझ, वर..."

खजुराच्या नर तुऱ्याचं जे मंगळवारी गिळलं होतं, ते आज सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. फोन आपटला तिनं. गेले अतिथिगृहाचे पाहुणे! जाऊ देत.

पण पोर मुकी राहिली तर? मीच नेलं तिला. माझ्याच जीपमधून.

सोमवार

सकाळी आमच्या घरी आणली. वाटभर गप्प. दारात थांबली, चपला काढल्या, उंबरठा ओलांडून उजवा पाय आत टाकला.

"बाबा, मी आले."

आवाज खणखणीत.