वरचं स्वयंपाकघर

प्रिय वन्सं,

तुमचा भाऊ आदेलिनो गेल्यावर टोरांटोचं एवढं घर मला एकटीला नको झालं. म्हणून वरचा मजला भाड्याने देऊन स्वतः तळघरात राहायचं ठरवलं आणि एल्डर मिस्त्रीला बोलावलं.

माझ्या लग्नात तुम्ही बजावलं होतं, "ग्रासिएत, वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी. मासे तळायचे ते तळघरात." मी छत्तीस वर्षं तळघरातल्या दुसऱ्या स्वयंपाकघरातच रांधलं.

काल एल्डरने वरचा ओव्हन उघडला, तर आत माहितीपुस्तिका तशीच!

"मावशी, हा कधी पेटवलाच नाहीत? कुणाची वाट बघत होतात, पोपची?"

मला इतकं हसू आलं की तिथल्या खिडकीशी बसावंच लागलं. वन्सं, तिथून शेजारच्यांचा द्राक्षवेल दिसतो, चर्चचा मनोराही दिसतो! मी तिथे कधी बसलेच नव्हते.

तिथेच मी ठरवलं. "एल्डर, भाड्याने तळघर द्यायचं. खालची खिडकी मोठी कर, भाडेकरूला उजेड हवा."

"आणि वरचं?"

"वर मी राहणार."

आज देवाचं नाव घेऊन, कणकेवर क्रूस काढून मी वरच्या ओव्हनमध्ये गोड पाव भाजला. खालून जरा करपला, तरी खिडकीशी बसून अर्धा संपवला. ओटा खराब होऊ नये म्हणून तुम्ही अंथरलेलं प्लास्टिक काढलं. फेकलं नाही, घडी करून ठेवलंय.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. नाताळला याल तेव्हा तुम्हाला वरच जेवायला वाढीन. पाहुण्यांसाठीच आहे ना ते!

तुमची भावजय,
ग्रासिएत