मिश्रीची चिंधी

कुरवंडे, ता. मावळ
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सारिकास,

आबांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. जळगावला थंडी कितपत आहे? इथं सकाळी अंगणात इतकं दव पडतं की गोठ्यापर्यंत जाईस्तोवर चपला भिजतात.

पत्र बघून दचकली असशील. हातात फोन असताना म्हाताऱ्याला हे काय सुचलं, असं जावईबापूंना म्हणालीही असशील. पण दिवाळीपासून तू माझा फोन उचलतेस आणि "हे बोलतायत" म्हणून त्यांच्याकडं देतेस. शिवाय मी फोन कानाला लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते. तिचे कान अजून तिखट आहेत. काही गोष्टी तिच्यासमोर बोलवत नाहीत.

आधी काजळीची बातमी. बंगल्यांच्या रस्त्यावर कुणीतरी सोडून दिलेलं जे पिल्लू तू ओढणीत गुंडाळून आणलंस आणि आमच्या गळ्यात बांधून सासरी गेलीस, ते आता शाळेत जातं. हसू नकोस. वाडीच्या खालच्या अंगाला कोमल नावाची पुण्याची मुलगी राहते. शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांची कुत्री सांभाळते, त्यांना शिकवते. तिला म्हणालो, आमच्या काजळीला वासावरून माणूस हुडकायला शिकव. तिनं विचारलं, "कशासाठी काका?" मी म्हणालो, "टाइमपास."

पहिल्या दिवशी बाजारातल्या दुकानातून चिक्कीचे रिकामे खोके आणले. अंगणात ओळीनं मांडले आणि एकात सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. काजळीनं सगळे खोके पाडले, एकाच्या कडेला मुतली आणि मग बोंबील खाल्ला. मला वाटलं पोरगी नापास. कोमल मात्र टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "काका, तिला कळलं की नाक वापरलं की खायला मिळतं. आजचा धडा एवढाच." पुढं बोंबलाबरोबर कापडाची चिंधी ठेवायची, मग नुसती चिंधी. चिंधी हुंगवून "हुडक" म्हणायचं. सापडली की काजळीनं समोर बसून भुंकायचं आणि मी तिला बोंबील द्यायचा. शेवटी खोक्याच्या जागी चिंधीचा मालक लपवायचा. काजळी चटकन शिकली. तुझ्यासारखी आहे, शिकेपर्यंत हुशार आणि नंतर हट्टी.

माणूस म्हणून तुझी आई लपायची. गोठ्यामागं, भाताच्या पिंजराच्या गंजीआड, पाण्याच्या टाकीमागं. काजळी सुसाट जाऊन तिच्यासमोर बसायची आणि मी खूश. कोमल मात्र कपाळाला आठ्या घालून बघायची. एकदा म्हणाली, "काका, तुम्ही डोळ्यांनी सांगताय तिला. काकू जिकडं आहेत तिकडं तुमची नजर जाते आणि काजळी ती बघते. तिला तुम्ही सांगायचं नाही. तिला तुम्हाला सांगू द्या."

मला राग आला. एवढीशी पोर मला बघायला शिकवते! अख्खी नोकरी मी घाटात रेल्वेचा चावीवाला म्हणून काढली. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झालेली नुसत्या आवाजावरून ओळखायची. साहेब लोक म्हणायचे, सोपानचा डोळा चुकत नाही. तो डोळा घरात काय करत होता, ते आता लिहितो. लिहायलाच बसलोय.

सारे, तुझी आई विसरते.

चष्मा-किल्ल्या सगळेच विसरतात, तसं नाही. दसऱ्याच्या आसपास भिंतीवरचा तुझ्या लग्नाचा फोटो बघून तिनं मला विचारलं, "ही कुनाची पोर? ग्वाड हाय." मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, "आवो, सारीला फोन लावा, दिवाळीला कदी येती इचारा." म्हणजे आदल्या दिवशी तिच्या मनातून गेलीस आणि रात्रीतून परत आलीस. लोणावळ्यात डॉक्टरला दाखवलं, पुण्याला जाऊन तपासण्या केल्या. गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी वेग कमी होतो म्हणतात, परत काही येत नाही.

आणि मी तुला काय सांगितलं? घरात रंगकाम काढलंय, दिवाळीला येऊ नका. तू म्हणालीस, रंगाच्या वासात राहू, मला काही होत नाही. तरी मी नाही म्हणालो, वर आवाज चढवला. तू समजलीस की आबांना आपण नको झालो. भिंती होत्या तशाच आहेत गं. दरवाज्यामागचा तू लहानपणी खडूनं काढलेला घोडासुद्धा तसाच आहे.

मला भीती वाटली. तू पायरी चढशील, वाकून पाया पडशील आणि ती तुला विचारेल, "कुनाची गं तू?" मग तुझं तोंड कसं होईल, ते मला बघवलं नसतं. तुला जपतोय असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर स्वतःलाच जपत होतो.

आणि त्या दिवाळीत काय झालं माहीत आहे? चारी दिवस ती भानावर होती. करंज्यांचं सारण दोनदा गोड केलं एवढंच. तुझं नाव दिवसभर तोंडात. भाऊबीजेपर्यंत दारात बसून होती. "सारी आली न्हाई," एवढंच म्हणायची, आणि मी तिला तेच रंगकाम सांगायचो. ती भिंतीकडं बघायची. तू आली असतीस तर तिनं तुला ओळखलं असतं, जवळ घेतलं असतं. तो एक सण मी तुम्हा दोघींच्या हातातून काढून घेतला. आता ती तू कधी येणार असं विचारत नाही.

दिवाळीनंतर ती घराबाहेर पडायला लागली. एकदा एसटीच्या थांब्यावर सापडली, एकदा कोमलच्याच फाटकाशी. म्हणून काजळीची शाळा. टाइमपास कसला!

आता भोगीच्या दिवसाचं सांगतो. दुपारी मी मागं वालाच्या शेंगा तोडत होतो. परत आलो तर दार सताड उघडं आणि चुलीवरची भाजी करपलेली. हाका मारल्या, कुठंच नाही. मी घाबरलो नाही, खरंच. मनात म्हणालो, यासाठीच तर शिकवलंय. खुंटीवरची चिंधी काढली, काजळीला हुंगवली आणि म्हणालो, "हुडक."

ही चिंधी म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याचा पदर. ती दातांना तंबाखूची मिश्री लावून बोट पदरालाच पुसायची, तुला आठवत असेल. तू त्यावरून किती भांडायचीस! कोमलनं बजावलं होतं, त्याच दिवशी अंगावर असलेलं, न धुतलेलं कापड घ्या. मी म्हटलं, त्यापेक्षा हे चांगलं. पदर नाकाला लावला की तुझी आई समोर उभी राहते. माझ्या नाकाला तुझी आई म्हणजे मिश्रीच.

काजळी निघाली ती सरळ शेजारच्या अंबूबाईच्या अंगणात. अंबूबाई उन्हात बसून मिश्रीनं दात घासत होती. काजळी तिच्यापुढं बसली आणि भुंकायला लागली. मी ओढून पुन्हा हुंगवली, पुन्हा अंबूबाई. तिसऱ्यांदा तिला लांबच्या आळीत नेली, तर तिथं एका घरात तव्यावर मिश्री भाजत होते, ही त्यांच्या चुलीपुढं जाऊन बसली. माणसं हसायला लागली. परत आलो तर अंबूबाई काठी टेकत, हसत तिच्या दारात उभी.

"आरं सोपाना, काय चाललंय तुजं? मी अंबू हाय, भामा न्हाई!"

म्हटलं, "भामा कुटं दिसंना. कुत्रीला तिच्या मिश्रीचा वास दिलाय."

अंबूबाई हसायची थांबली. "भामाच्या मिश्रीचा? आरं, भामा मिश्री लावती कुटं आता? लय दिस झालं. माज्यापाशी येऊन बसती, माजी डबी हातात घेती अन् इचारती, ह्ये काय आसतं?"

सारे, मी तिथंच ओट्यावर बसलो. लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळी डोळा उघडला की तो वास घरात असायचा. तो कधी गेला? कोणत्या दिवशी तिनं डबी उचलली आणि काय करायचं ते तिला आठवलं नाही? मी तिथंच असणार, शेजारी चहा पीत. रुळाची ढिली चावी आवाजावरून ओळखणारा मी, आणि घरातली बायको मिश्री लावायची थांबली ते मला कुत्रीनं दाखवलं. जी बाई आता घरात नाही तिचा वास मी काजळीला रोज देत होतो. आणि काजळीचं काय चुकलं? तिनं मिश्री हुडकून दाखवली. इतके दिवस आई तिला सापडायची ती माझ्या डोळ्यांमुळं.

उठलो. घरात जाऊन आईच्या उशीचा अभ्रा काढला आणि काजळीपुढं धरला. तिनं हुंगला आणि सवयीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत काहीच नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं. ती थोडा वेळ घुटमळली. मग तिनं नाक जमिनीला लावलं आणि नागफणीच्या वाटेला लागली. तिथून पुढं कडा आहे, तुला सांगायला नको. मी धापा टाकत मागं. आयुष्यात इतका कुणाच्या भरवशावर चाललो नव्हतो.

करवंदीच्या जाळीआड आई बसली होती. एका पायात चप्पल नाही, मांडीवर वाळलेल्या गवताची पेंढी बांधून ठेवलेली. काजळी तिच्यापुढं जाऊन बसली. भुंकली नाही. आईनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि म्हणाली,

"सारे, आलीस व्हय गं? लय उशीर केलास."

मी जाळीच्या अलीकडंच थांबलो. पुढं जायची हिंमत होईना. इतक्या दिवसांत तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

आता कोमलला सगळं खरं सांगितलंय. ती म्हणाली, "पहिल्यापासून सुरू करू." रोज सकाळी ताजा अभ्रा घेतो. आई लपते तेव्हा मी घरात जाऊन बसतो, म्हणजे डोळ्यांनी फितूर व्हायला नको. आईला लपायला आवडतं. लपलोय हेच विसरते, म्हणून हलत नाही, खेळाला ते बरंच. काजळी आता आपल्या नाकानं जाते. आणि ती समोर जाऊन बसली की दर वेळी आई तेच म्हणते, लय उशीर केलास. मी घरातून ऐकतो. सुधारायला जात नाही. काजळीला बोंबील देतो.

सारे, रागव, हवं ते बोल, पण ये. तू आलीस म्हणजे ती तुला ओळखेलच असं मी सांगू शकत नाही. दिवाळीत सांगू शकलो असतो. एक करू. त्या दिवशी मी काजळीला गोठ्यात बांधून ठेवतो, आईला पिंजराच्या गंजीमागं बसवतो आणि तिच्यापुढं जाऊन तू बस. मी घरात थांबेन, इकडं तिकडं बघणार नाही.

तिनं तुला काजळी म्हणून हाक मारली, तर तेवढी ओ दे.

तुझे,
दिवाळीला तुला येऊ नको म्हणालेले
आबा