प्लास्टिकचं धुराडं

१४ नोव्हेंबर २००५, आयसेलिन

प्लास्टिक! धुराडं प्लास्टिकचं! डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते, मिरजेत सांगितलं तर हसतील मला. घर तापवायचा जुना फर्नेस ऐन थंडीत बंद पडला, म्हणून जावईबापूंनी नवा बसवायला घेतलाय. त्याचा धूर बाहेर न्यायला पांढरी नळी – मोरीला लावतात तसली. म्हटलं, "देवांग, ही वितळेल हो." तर म्हणे, "आई, हे नवीन मॉडेल आहे. धूर थंड होऊनच बाहेर पडतो." थंड धूर! इंजिनिअर जावई केला, आता ऐका!

यामिनी अजून ओली बाळंतीण, आणि घरात दिवसभर ठोकाठोकी. मायलेकी वरच्या खोलीत स्वेटरवर स्वेटर घालून बसल्यात. ही माणसं गेली की मी शेकशेगडी सुरू करणार. लोखंडी शेगडी साड्यांत गुंडाळून विमानातून आणली, ती काय शोभेला?

१५ नोव्हेंबर

फर्नेस सुरू झाला. गरम वारा येतो, नाही म्हणत नाही. पण तो फर्नेसवाला! गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघत बसला. माझा चहा गार झाला त्याच्यासाठी केलेला. वर टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर येऊन तपासणार, मग ते पक्कं.

जाताना वरच्या पॅसेजमध्ये एक पांढरी डबी लावून गेला. विषारी गॅस झाला की ओरडते म्हणे. यामिनीने समजावलं, "आई, त्या गॅसला वास नसतो, रंग नसतो, काही नसतं." मग आहे काय त्यात? दिसत नाही त्याला भ्यायचं! आणि फर्नेस एवढा सुरक्षित, तर पहारेकरी कशाला?

१७ नोव्हेंबर

इन्स्पेक्टर आला, पास करून स्टिकर चिकटवून गेला. सुटलो.

आजपासून शेक. समरमधल्या ग्रिलचा कोळसा गॅरेजमध्ये होताच. घरामागच्या लाकडी डेकवर पेटवला, धूर पार जाऊ दिला, निखारे लाल झाले तेव्हाच शेगडी वर नेली. मी काही अडाणी नाही, बाळंतिणीच्या खोलीत धूर करायला! खिडकी बंद, दाराच्या फटीला टॉवेल. यामिनीची पाठ शेकली, चिमूटभर ओवा टाकून छकुलीला ऊब दिली. काय गाढ झोपली पोरगी! यामिनीच्या जन्मानंतर माझ्या आईने हेच केलं होतं.

१८ नोव्हेंबर

यामिनीचं डोकं दुखतंय. दुखणारच! कान उघडे टाकून फिरते. "आई, इथे कोणी कान बांधत नाही." इथे कोणाला काय कळतं? मी बांधले.

१९ नोव्हेंबर

ओरडली! ती डबी! शेक नुकता आटोपला होता, शेगडी डेकवर ठेवून मी हात धूत होते. असला कर्कश आवाज – छकुली दचकून निळी पडली रडून रडून. देवांगने आम्हाला गाडीत बसवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या. बाळंतिणीला वारा! जीव तुटला माझा.

फर्नेसवाला मीटर घेऊन आला. तळघरात, नळीपाशी, सगळीकडे फिरवला. म्हणे, काहीच नाही. वर आम्हालाच विचारतो, घरात आणखी काही जळतं का? देवांगने मला विचारलं. मी म्हटलं, "देवापुढचं निरांजन. ते विझवू का?" चोराच्या उलट्या बोंबा! स्वतःचं काम धड नाही, आणि आमचं घर तपासायचं.

२१ नोव्हेंबर

डबीतले सेल काढून ओव्याच्या डब्यामागे ठेवले. आता शांतता.

२३ नोव्हेंबर

यामिनीला आज उलटी झाली. म्हणाली, "यार आई, सकाळी बरी असते, दुपारी डोकं नुसतं गरगरतं." माझंही जड आहे. हा फर्नेसच! पहिल्या दिवसापासून सांगतेय, प्लास्टिकच्या नळीचं काही खरं नाही. लेकीचा चेहरा बघवत नाही. आज शेक जरा जास्त दिला, अंगात ताकद यावी म्हणून. छकुली मात्र गुणाची. शेकानंतर दुधालासुद्धा उठत नाही.

२४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. देवांग घरी, आणि त्याच्या हाती रिकामी डबी लागली. "आई, सेल कुठे आहेत?" मी सांगितलं. त्याने लगेच परत बसवले. माझ्याशी आजवर आवाज चढवून बोलला नव्हता, आज बोलला. "आई, प्लीज! हिला हात लावायचा नाही!"

लावायचा नाही! माझ्या लेकीच्या घरात! मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमचा फर्नेस माझी नात मारायला बसलाय, आणि तुम्ही त्या दाढीवाल्या फर्नेसवाल्याचं ऐकता. तो म्हणाला, पास झालाय. मी म्हटलं, कागदाला विष चढत नाही, माणसाला चढतं. यामिनी रडायला लागली तेव्हा मी तिला घेऊन वर गेले. मनच नव्हतं, शेक राहिला.

२५ नोव्हेंबर

यामिनीला आज बरं वाटलं. जेवली पोटभर. पण मी विसरणार नाही. हात लावायचा नाही म्हणे!

२६ नोव्हेंबर

सोक्षमोक्ष लावायचा. देवांगला सांगितलं, उद्या फर्नेस बंद ठेवा, गॅसचा कॉकसुद्धा फिरवा. डबी गप्प राहिली की फर्नेस चोर हे सिद्ध. मग त्या माणसाला बोलवा आणि नळीसकट उचलायला लावा. "घर फ्रीझ होईल आई." म्हटलं, घर ऊबदार ठेवायचं माझ्याकडे लागलं. कबूल झाला एकदाचा!

२७ नोव्हेंबर, सकाळ

कॉक मी उभी राहून बंद करून घेतला. खोलीत बर्फासारखी थंडी. देवांग खाली पेपर वाचतोय, मनात हसत असणार. हसू दे. डेकवर शेगडी पेटत घातली आहे, आज दुप्पट कोळसा. मायलेकींना जराही गारठू देणार नाही.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ

फर्नेस बंद होता. तरी डबी ओरडली.

दोघींना अँब्युलन्सने नेलं. देवांगचा फोन आला, ऑक्सिजन दिलाय, दोघी वाचल्या. मला रागावलासुद्धा नाही. शेगडी बाहेर बर्फात टाकून आले.

शेकानंतर पोरगी किती गाढ झोपते, म्हणून मी तिची दृष्ट काढत होते.