वर्गातली एक उघडी खिडकी

म्हसावद, मंगळवार, ८ नोव्हेंबर १९३८

दिवाळीच्या सुटीत घरी आलेला वामन आज भेटला. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो. मॅजिक लँटर्नमध्ये चित्रांच्या काचा लावायचं काम तेव्हा माझं. चित्रं दाखवताना वर्गात अंधार होतो, म्हणून तेवढा वेळ सुमतीनं बाहेर बसावं, असा प्रिन्सिपॉलांनी हुकूम काढला. वर्गात मुलगी ती एकटीच. मी त्यांच्याशी भांडलो आणि नाव काढून घरी आलो. तिच्यासाठीच ना? पण तिला कुठं विचारलं होतं?

वामन सांगतो, पुढच्याच आठवड्यात ती स्वतः प्रिन्सिपॉलांकडे गेली. म्हणाली, एक खिडकी उघडी ठेवा, चित्र जरा फिकं दिसलं तरी चालेल. त्यांनी ऐकलं. एक खिडकी. मला का सुचली नाही? राग यायला हवा होता, तोही येत नाही.

"आते काचा मी लावस," वामन म्हणाला. "तुन्हाबिगर काही अडनं नही, भाऊ."

"तिनी मन्हं काही इचारं का?"

"इचारं ना. तो काचा कोठे ठेवे, आसं इचारं."

डाव्या कपाटात, खालच्या खणात. सांगितलं त्याला.